तुटक रेघेचा रस्ता

ट्रेसरकाका नगरपालिकेच्या नगररचना विभागात नोकरीला लागले, तेव्हा अख्खं शहर चार कागदांवर मावत होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा त्याच शहराला एकतीस कागद लागत होते, आणि तरी कडेची वस्ती कागदाबाहेर सांडतच होती.

ट्रेसरचं काम म्हणजे गिरवणं. साहेब लोक पेन्सिलीनं काय ते ठरवणार, आणि ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद ताणून शाईनं ते पक्कं करणार. काकांचा हात मोठा स्थिर. रेघ ओढताना ते श्वास धरून ठेवायचे, आणि रेघ लांबलचक असली की शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणायचा, "काका, रस्ता संपेपर्यंत जिवंत राहा म्हणजे झालं." पुढे कॉम्प्युटर आले. काका पंचेचाळिसाव्या वर्षी तेही शिकले, पण सही-शिक्क्याची मूळ प्रत मात्र कपाटात कागदावरच राहिली, आणि तिच्यात दुरुस्ती करायची तर काकांनाच हाक जायची.

जुन्या शहराचे चार कागद त्यांना तोंडपाठ होते. तिथल्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागे. पण प्रत्येक गल्ली कुठे ना कुठे निघायची. शिंप्याच्या दुकानामागून दवाखान्यात, दवाखान्याच्या बोळातून शाळेत. एक वाट खणून ठेवली तर माणूस दुसरीनं जाई, चुकला तरी घरी पोचे.

नवीन शहर तसं वाढलं नाही. हमरस्त्याला लागून ज्याची जमीन, तो आपापल्या तुकड्यावर आपापली वसाहत पाडून आणायचा. हमरस्त्यावर एक फाटक, फाटकातून आत एक रस्ता, रस्त्याच्या शेवटी भिंत. त्याच्या शेजारच्या तुकड्यावर दुसरी वसाहत, तिलाही एक फाटक, एक रस्ता आणि एक भिंत. एकेक नकाशा सुटा पाहिला तर देखणा. झाडं दाखवलेली, बाग दाखवलेली, गोल वळण दाखवलेलं. काकांनी एकदा दुपारी, काम कमी होतं म्हणून, असे नऊ नकाशे शेजारी शेजारी ठेवून एका कागदावर गिरवले, आणि बघत राहिले. हमरस्ता म्हणजे फणीची पाठ आणि वसाहती म्हणजे तिचे दात. एका दातावरून शेजारच्या दातावर जायला वाट कुठेच नव्हती. सगळ्यांनी पाठीवर यायचं आणि पाठीवरूनच जायचं.

तो कागद घेऊन ते साहेबांकडे गेले.

साहेबांनी चष्मा वर केला. "काका, यातला कुठला नकाशा नियमात बसत नाही?"

"सगळे बसतात, साहेब."

"मग?"

"सगळे मिळून बसत नाहीत."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद नीट पाहिला, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "सगळे मिळून असा अर्ज कुणी करत नाही हो. अर्ज एकेकाचाच येतो." आणि तो कागद त्यांनी खणात ठेवला. साहेबांची बदली झाली, पुढचे साहेब आले, त्यांचीही झाली. कागद खणात होता की रद्दीत गेला, काकांनी नंतर विचारलं नाही.

आता ताईबद्दल सांगायला हवं. काका सहा वर्षांचे असताना आई गेली. ताई तेव्हा पंधरा वर्षांची. तिनं त्यांना शाळेत धाडलं, डोक्यातल्या उवा काढल्या, आणि लग्न ठरलं तेव्हा भाऊजींना पहिल्याच भेटीत सांगितलं, "माझ्याबरोबर हा धाकटाही येईल." भाऊजी भले माणूस. टाइपरायटर दुरुस्त करायचे, बोलायचे कमी. त्यांनी मान डोलावली, आणि काका नोकरीला लागेपर्यंत त्यांच्याच घरात वाढले. काकांना नातू झाला तरी ताई त्यांना "धाकट्या"च म्हणायची.

अठरा वर्षांपूर्वी दोघांनीही घरं बांधायचं ठरवलं. काकांनी एका वसाहतीत शेवटचा प्लॉट पाहिला, आणि शेजारच्या वसाहतीतला शेवटचा प्लॉट ताईला घ्यायला लावला. दोन्ही प्लॉटच्या मधे तारेचं कुंपण आणि थोडी पडीक जागा.

"हे कुंपण रे?" ताईनं विचारलं होतं.

"ते जाणार. शहराच्या आराखड्यात इथून रस्ता आहे. तुटक रेघ. म्हणजे पुढे होणारा. मीच काढलीय ना."

"तू काढलीयस म्हणजे होणारच," ताई म्हणाली आणि भाऊजींकडे बघून हसली.

रस्ता झाला नाही, पण वाट झाली. कुणीतरी तार वाकवली, कुणीतरी दोन फरशा टाकल्या, आणि दोन्हीकडची माणसं ये-जा करू लागली. या बाजूला दूध मिळायचं, त्या बाजूला दवाखाना. ताई रोज सकाळी आठला काकांकडे चहाला यायची. काकांची बायको म्हणायची, "यांचं घड्याळ बंद पडलं तरी चालेल, वन्सं आल्या की आठ वाजले."

मग ताईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. नजर कडेकडेनं विझत गेली, आणि सात-आठ वर्षांत उजेड आणि अंधार एवढंच उरलं. भाऊजी म्हणाले, मी तुला हाताला धरून पोचवत जाईन. ताई म्हणाली, काही नको. तिनं महिनाभर काठी घेऊन ती वाट घोटली. आपल्या फाटकापासून वाकलेल्या तारेपर्यंत एकशे तीस पावलं, तिथं डाव्या हाताला लोखंडी खांब, मग फरशा, मग उतार, आणि एकशे दहा पावलांवर काकांची पायरी. शेजारीपाजारी अदबीनं बाजूला व्हायचे. कुणी "सोडू का आजी?" म्हटलं तर म्हणायची, "तूच चुकशील रे बाबा, मला पाठ आहे."

एवढी वाट तिची होती. बाकी जगात तिला कुणाचा तरी हात धरावा लागे.

आराखडा दर वीस वर्षांनी सुधारतात. तो सुधारायला निघाला, आणि काकांच्या वसाहतीतल्या लोकांनी अर्ज केला की आमच्या मागच्या बाजूचा नियोजित रस्ता रद्द करावा. कारणं खोटी नव्हती. दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. हमरस्त्यावर गर्दी झाली की मोटारसायकलवाले तार आणखी वाकवून आतून घुसायचे, आणि एका मुलीला धक्का लागून तिचा हात मोडला होता. रस्ता झाला तर ट्रकही येतील, असं लोकांना वाटलं. अर्जावर बावन्न सह्या. काकांच्या शेजाऱ्यानं कागद काकांपुढेही धरला.

"मी तिथं नोकरीला आहे. मला सही करता येत नाही," काका म्हणाले. हे खरंच होतं. पण नियमानं त्यांना विरोधात सही करायचीही मुभा नव्हती, आणि हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

हरकती मांडायला महिनाभर मुदत होती. काकांनी भाऊजींकडून हरकत लिहून घेतली. मजकूर स्वतः सांगितला, कलमं सांगितली, कुठल्या खिडकीवर पोच घ्यायची तेही सांगितलं. सुनावणीच्या दिवशी ताई म्हणाली, "मी बोलणार."

सभागृहात माणसं खच्चून भरली होती. काका भिंतीशी नकाशांची गुंडाळी धरून उभे. साहेबांनी मागितला तो कागद पुढे करायचा, एवढंच त्यांचं काम. ताईला भाऊजींनी उभं केलं. ती ज्या बाजूला तोंड करून उभी राहिली त्या बाजूला खिडकी होती, अध्यक्ष दुसरीकडे बसले होते. कुणीतरी हलकेच तिला वळवलं.

"मला दिसत नाही," ताई म्हणाली. "या शहरात एकट्यानं चालता येईल असा एकच रस्ता मला आहे. तो तुमच्या कागदावर अजून झालेला नाही, पण मी रोज त्यावरून चालते. तेवढा ठेवा."

अध्यक्षांनी आदरानं विचारलं, "आजी, तुम्हाला पर्यायी रस्ता आहे का?" ताईला प्रश्न कळला नाही. बाजूच्या अधिकाऱ्यानं काकांकडून कागद घेतला, पट्टी लावली आणि सांगितलं, "हमरस्त्यानं आहे, सर. दुभाजकामुळे पुढच्या चौकात वळावं लागतं. साडेचार किलोमीटर."

"म्हणजे पर्याय उपलब्ध आहे," अध्यक्ष म्हणाले. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण काकांनी जन्मभर ऐकली होती. ती अशी सरकारी भाषेत, पट्टी लावून, शिक्क्यानिशी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

निकाल तीन महिन्यांनी कचेरीत आला, हरकत घेणाऱ्यांना वेगळं पत्र गेलं नाही. रस्ता रद्द. मूळ प्रत दुरुस्तीसाठी काकांच्या टेबलावर आली. पारदर्शक कागदावरची शाई पुसता येत नाही, ब्लेडनं अलगद खरवडावी लागते. जास्त दाबलं तर कागद फाटतो, कमी दाबलं तर डाग राहतो. अठरा तुकड्यांची रेघ होती. कारकुनाला सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, "काका, मी दुसऱ्या कुणाला द्यायला सांगू का?"

"दुसरा कोण करणार? भोक पाडून ठेवील," काका म्हणाले. आणि त्यांनी ती रेघ खरवडली. इतकी स्वच्छ, की उजेडात धरूनसुद्धा तिथं काही होतं हे कळू नये. आपल्या कामात कसूर करायची त्यांना सवयच नव्हती. त्या दिवशी ती सवय असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पण कसूर करून तरी काय झालं असतं?

ताई रोज विचारायची, "काय रे, निकाल लागला का?" काका म्हणायचे, "सरकारी काम, ताई. वेळ लागतो." उद्या सांगू, परवा सांगू. सांगितल्यावर ती चहा घेताना काय करील, ते त्यांच्या डोळ्यांपुढे यायचं आणि ते दुसरंच काही बोलायचे. असे दोन महिने गेले. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते." तर तिलाही त्यांनी शपथ घातली.

एका शनिवारी विटा येऊन पडल्या. सोमवारी काका कचेरीतून परतले तेव्हा कमरेएवढी भिंत झाली होती. ते तिथं उभे राहिले. पलीकडे ताईच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता. हमरस्त्यानं जावं, समोर बसून सांगावं, असं मनात आलं. मग वाटलं, फोन करावा. मग वाटलं, जेवून करू. फोन झाला नाही.

मंगळवारी सकाळी आठला काठीचा आवाज आला. रोजच्यासारखा, टक्, टक्, टक्. आणि मग एक जड आवाज, आणि पुढे काहीच नाही.

काका पायात चप्पल न घालता धावले. ताई भिंतीपलीकडे उभी होती. काठी बगलेत घेऊन दोन्ही हातांनी ती भिंत चाचपत होती. डावीकडे गेली, खांब शोधला, खांब नव्हता. बोटांना ओलं सिमेंट लागलं होतं.

"धाकट्या?" तिला त्यांच्या पायांचा आवाज कळला. "हे काय आहे रे?"

"भिंत आहे, ताई."

"मी चुकले का? एकशे तीसच मोजली."

"नाही. तू बरोबर आलीस."

"कधी झाली?"

"काल."

तिनं काठी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "म्हणजे निकाल लागला."

"हो."

"कधी?"

काका म्हणाले, "दोन महिने झाले."

भिंत कमरेएवढीच होती. काका साठीला आले असले तरी पाय टाकून पलीकडे जाता आलं असतं. त्यांनी हात टेकलाही, तेवढ्यात पाण्याची बादली घेऊन आलेला गवंडी ओरडला, "ओ काका, ओली आहे! हात नका लावू, वीट हलेल!" आणि काकांनी हात मागे घेतला. जन्मभर कुणीही मोठ्यानं नियम सांगितला की त्यांचा हात असाच मागे यायचा.

ताईनं पदराला बोटं पुसली. "जा, चहा निवेल तुझा," ती म्हणाली आणि वळली. परत जाताना तिनं पावलं मोजली नाहीत बहुतेक, कारण आपल्याच फाटकाला तिचा खांदा आपटला. काका अलीकडून बघत होते.

नंतर काकांनी हातपाय मारले नाहीत असं नाही. वसाहतीचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले, समंजस गृहस्थ. काका त्यांना म्हणाले, भिंतीत एक छोटं दार ठेवू, कुलूप लावू, किल्ली तुमच्याकडे आणि माझ्याकडे. सकाळी आठला मी उघडीन, नऊला लावीन.

"मला स्वतःला पटतं," सचिव म्हणाले. "पण सभेत मांडावं लागेल."

सभेत मांडलं. ज्या मुलीचा हात मोडला होता तिची आई उठली. "काका, तुमच्या ताईंबद्दल मला वाईट वाटतं. पण आज त्यांच्यासाठी उघडलं तर उद्या कुणाकुणाला नाही म्हणायचं? माझी पोर आत्ता कुठे दारात खेळायला लागलीय." काका ज्या पोरीला रोज खाऊ देत, तीच ती पोर. हात वर करायला सांगितले. दाराच्या बाजूनं सात हात वर झाले, त्यात एक सचिवांचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मारणारा कुणी नव्हताच, सगळे आपलेच.

मग हमरस्ता. रिक्षा आत येईना, यायची तर दोन्ही फाटकांवर नाव, गाव आणि कारण लिहावं लागे. भाऊजींची स्कूटर जुनी, आणि दुभाजकाला वळसा घालताना मागून ट्रक भोंगा वाजवायचे. ताई त्यांची कंबर इतकी घट्ट धरायची की भाऊजींना श्वास घेता येईना. रोजचं येणं आठवड्यावर आलं. आठवड्याचं महिन्यावर. काका रविवारी चालत जायचे, हमरस्त्याच्या कडेनं, जिथं पायी चालणाऱ्यासाठी टीचभर जागा ठेवलेली नव्हती. जायला सव्वा तास. पोचेपर्यंत घामानं सदरा पाठीला चिकटलेला असे.

ताईनं राग धरला नाही. धरला असता तर काकांना बरं वाटलं असतं. ती फक्त कमी चालू लागली. आधी फाटकापर्यंत, मग व्हरांड्यापर्यंत, मग पलंगापासून मोरीपर्यंत. चार-सहा महिन्यांत तिचे पाय काटकीसारखे झाले. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना. भाऊजी म्हणाले, कुठे?

त्याच वर्षी विभागात नवीन नगररचनाकार बाई आल्या. तरुण, हुशार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या वसाहती एका पडद्यावर जोडून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, काका?" काकांची नजर साहेबांच्या जुन्या खणाकडे गेली. बाईंनी झगडून नियम आणला की यापुढे प्रत्येक वसाहतीनं शेजारच्या जमिनीकडे निदान दोन रस्ते खुले सोडले पाहिजेत. नियमाचा मसुदा काकांनीच स्वच्छ करून दिला. खाली ओळ होती: पूर्वी मंजूर झालेल्या वसाहतींस हा नियम लागू नाही.

"पूर्वीच्यांचं काय, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"लोक तिथं राहतात आता, काका. बांधलेली भिंत पाडायला लावणं माझ्या हातात नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर पडला.

नव्या नियमानं आलेला पहिला नकाशा काकांनीच तपासला. दोन रस्ते नीट, मोकळे सोडलेले. दोन्ही रस्ते शेजारच्या जुन्या वसाहतींच्या भिंतींवर जाऊन थांबत होते.

ताईचा मुलगा दूरच्या मोठ्या शहरात होता. तो आला, आईचे पाय पाहिले, वडिलांची स्कूटर पाहिली, आणि म्हणाला, "पुरे झालं. माझ्याकडे चला दोघं." सातव्या मजल्यावर घर होतं, लिफ्ट होती, खाली डॉक्टर होता.

निघायच्या दिवशी काका सकाळीच चालत गेले. सामान गाडीत चढलं होतं. भाऊजी दारं-खिडक्या पुन्हा पुन्हा बघत होते. ताई फाटकाशी खुर्चीत बसली होती, मांडीवर काठी आडवी. काका जवळ जाऊन उभे राहिले, तेव्हा ती म्हणाली, "चालत आलास? धाप लागलीय तुला."

"हो."

"उन्हाचा येत जाऊ नकोस असा," ती म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की आता यायचं कुठे. काकांनी तिचा हात हातात घेतला. खूप सांगायचं होतं. ब्लेडनं रेघ आपणच खरवडली, हे तिला अजून माहीत नव्हतं. ओठांवर आलं होतं. पण भाच्यानं गाडी सुरू केली.

"मला उठव जरा," ताई म्हणाली. काकांनी तिला उठवलं. ती त्यांच्या दंडाला धरून कशीबशी उभी राहिली. "तुझं घर कुठल्या बाजूला रे? मला आता दिशाच कळेनाशा झाल्यात."

काकांनी तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि हळूच वळवलं. समोर भिंत होती. तिच्यावर एव्हाना पांढरा रंग दिलेला, वर काचा लावलेल्या. भिंतीपलीकडे त्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि दोरीवर वाळत घातलेली चादर दिसत होती.

"ही बाजू?" ताईनं विचारलं.

"हो. नाकासमोर."

ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग "बरं" म्हणाली, आणि भाच्यानं तिला उचलल्यासारखं करून गाडीत बसवलं. गाडी हमरस्त्याला लागली. काका फाटकावर गेले, रखवालदाराच्या वहीत बाहेर जायची वेळ लिहिली, आणि कडेकडेनं घरी चालत निघाले.